रेडिएटर वाचला पाहिजे

पर्थमध्ये बुलबार लावलेल्या गाड्या सगळ्यात जास्त कुठे बघायला मिळतात? शाळेच्या फाटकासमोर, सकाळी साडेआठला. चकचकीत लँडक्रूझर, पुढे कमरेएवढा लोखंडी पिंजरा, त्यावर दिव्यांची पट्टी, मागच्या सीटवर दोन दप्तरं. यांतल्या कित्येकांनी कांगारू पाहिला असेल तो गोल्फच्या मैदानावर, गवत खाताना. हसत लिहितेय खरी, पण पुढच्या महिन्यापासून त्या रांगेत आमचीही प्राडो असणार आहे.

*

बार कशासाठी घ्यायचा, हे दुकानात कळत नाही. नॉर्थ वेस्ट कोस्टल हायवेवर जेराल्डटन मागे पडलं की वस्ती विरळ होत जाते. रोडहाउस लांब लांब, मधे मोबाइलला रेंज नाही, बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कुंपण नाही. गुरं, रानटी बकऱ्या, एमू, कांगारू, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो रस्ता ओलांडतो. लाल कांगारूचा पुरा वाढलेला नर ८०-८५ किलोंचा असतो. ताशी ११० ने त्याला धडकलं की बंपर जातो, दिवा जातो, बॉनेट चिंबतं. एवढं होऊनही गाडी चालू राहू शकते. पण बंपरच्या मागे वीतभर अंतरावर रेडिएटर असतो. तो फुटला की कूलंट डांबरावर, आणि काही मिनिटांत इंजिन तापून तुम्ही रस्त्याच्या कडेला. उन्हाळा असेल तर बाहेर ४०-४५ डिग्री.

जीव वाचवायला सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहे, चेपण्यासाठीच बनवलेला गाडीचा पुढचा भाग आहे. बारचं काम एकच: रेडिएटर वाचवायचा आणि पुढच्या रोडहाउसपर्यंत गाडी खेचत न्यायची. हे मनाशी पक्कं झालं की दुकानातल्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

*

शेजारी खाणीवर काम करतो, कालगुर्लीच्या उत्तरेला. त्याची ७० सिरीजची लँडक्रूझर; १९८४ पासून टोयोटाने तिचा चौकोनी चेहरामोहरा फारसा बदललेला नाही. परवा तो धडक खाऊन परतला, तेव्हा मी मुद्दाम जाऊन गाडी बघितली. बारचा डावा पंख मागे सरकून चाकाच्या कमानीपासून दोन बोटांवर आलेला. नंबरप्लेट एका कडेने दुमडलेली. खालच्या जोडात करडे केस अडकलेले, पाइपने पाणी मारूनही न निघालेले. काळ्या पावडर कोटिंगचा रुपयाएवढा पापुद्रा निघून लोखंड उघडं पडलेलं, त्यावर तांबूस गंज धरायला लागलेला. इंडिकेटरची काच मात्र शाबूत. वाकून मधल्या फटीतून पाहिलं, तर रेडिएटरच्या पात्या सरळच्या सरळ.

मेंझीजच्या अलीकडे धडक बसली आणि तो तिथून पर्थपर्यंत गाडी चालवत आला.

माझ्या डोक्यात राहिला तो डावा पंख. आपण समजतो, जनावर समोर उभं राहणार आणि बारच्या मधोमध आपटणार. कांगारू बाजूने उडी मारत येतो. मार बसतो कोपऱ्यावर, हेडलाइटजवळ. दुकानात मात्र सगळे मधला वळसा, म्हणजे वर वाकवलेली नळी, किती उंच आणि किती जाड, तेच हाताने चाचपत असतात.

*

दुकानातला माणूस पहिल्यांदा विचारतो, गाडी कुठल्या सालची. दुसऱ्यांदा विचारतो, विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, लावणार का. मी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होते, की गाडी चालवणार कुठे. तो आला नाही.

*

पोलाद, अॅल्युमिनियम, प्लास्टिक. या विषयावर इथले पुरुष बार्बेक्यूभोवती उभे राहून तासभर बोलू शकतात.

पोलादाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ते वाकतं, सहसा तुटत नाही. वाकलं तर कुठल्याही स्टेशनवर, म्हणजे गुरांच्या त्या अफाट रानांवर, वेल्डिंग मशीन आणि घण असतोच. ठोकून सरळ करून देतात. स्वस्तही तेच. वाईट काय, तर वजन आणि गंज. आमचं घर समुद्रापासून फार लांब नाही. खारा वारा एक खपली शोधून तिथून आत शिरतो.

अॅल्युमिनियम पुष्कळ हलकं. गंजत नाही, घासलं की आरशासारखं चमकतं, म्हणून लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांचं लाडकं. पण जोराचा मार बसला की चिरतं, आणि त्याची वेल्डिंग ज्याच्या त्याच्या हातची नाही. कच्च्या रस्त्यावर चाकांनी पडलेल्या लाटा असतात. त्यांवरून शेकडो किलोमीटर गाडी थरथरत गेली की जोडाजवळ केसासारखी भेग पडू शकते. ती दिसत नाही, पुढच्या धडकेत दिसते.

तिसरा प्रकार पॉलिमरचा. अॅडलेडमध्ये बनतो. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालायची, साचा तापवत गोल फिरवायचा, आतून जाड थर चढतो. आपल्याकडच्या गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या याच पद्धतीने बनतात. आत पोलादाची चौकट असते, ती चासीला बोल्टने बसते. मार बसला की हा बार आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. ओरखडा राहतो, आकार बऱ्यापैकी परततो. दिसायला मात्र बोजड, काळाकुळकुळीत, चमक नावाला नाही. दुकानात तो कोपऱ्यात, पायपुसण्यांच्या शेजारी ठेवलेला होता.

*

आडव्या नळीचा पातळ बारही मिळतो, नज बार म्हणतात. पार्किंगमध्ये ट्रॉली आपटली तर उपयोगी. कांगारूसाठी घेऊ नये.

*

वजनाचा हिशोब कोणी नीट सांगत नाही, म्हणून घरी कागदावर मांडला.

पोलादी बार ५० ते ८० किलोंचा. ६० धरू. तो पुढच्या आसावर बसत नाही, आसाच्या पुढे लोंबतो. आसापासून ८०० मिलिमीटर पुढे आहे असं समजू. १५० सिरीजच्या प्राडोचा व्हीलबेस २,७९० मिलिमीटर. आता शाळेतलं तरफेचं गणित: पुढच्या आसावर ६० ऐवजी ७७ किलो वाढतात, आणि मागच्या आसावरचे १७ किलो कमी होतात. बैलगाडीत ओझं मागे सरकलं की गाडी उलाळते आणि जू वर उचललं जातं. इथे नेमकं उलटं, नाक खाली आणि शेपूट वर. काढून टाकलेल्या बंपरचे किलो यातून वजा होतील, पण बंपर असतो हलक्या प्लास्टिकचा.

त्यावर विंच घातली की आणखी ३०-४० किलो. मग पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. स्प्रिंगा बदलल्या की शॉक अॅब्सॉर्बर. मग हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवायचा, चाकांचं अलाइनमेंट करायचं. बारच्या पावतीच्या मागून या पावत्या एकेक करत येतात.

दुसरी बाजू एकूण वजनाची. माणसं, सामान, इंधन धरून प्राडो भरायची कायद्याची मर्यादा २,९९० किलो. रिकामी गाडी आणि ही मर्यादा यांत साधारण सहाशे किलोंची जागा उरते. आम्ही चौघं, फ्रिज, तंबू, छतावरचा कॅरियर, आणि वाळवंटात जायचं तर पाणी, एका लिटरला एक किलो. सहाशे किलो ऐकायला खूप वाटतात. पॅकिंगच्या रात्री कळतं. शिवाय पुढच्या आसाची मर्यादा वेगळी असते. एकूण वजन बसलं तरी ती ओलांडलेली असू शकते, आणि अपघातानंतर ते उघडकीला आलं तर विम्याचा दावा अडकू शकतो. बार लावल्याचं विमा कंपनीला आधी कळवायचं, हे वेगळंच.

*

नवऱ्याला तीन वळशांचा पोलादी बार हवा आहे, विंचसकट. १२,००० पौंडांची, म्हणजे सुमारे साडेपाच टन ओढणारी. आमच्या बहुतेक सहली किनाऱ्याने, वाळूवरून. विंचचा दोर बांधायला समोर झाड लागतं, नाहीतर दुसरी गाडी. मी विचारलं, “अहो, दोर कशाला बांधणार, समुद्राला?”

वाळूत टायरमधली हवा कमी करायची, फावडं जवळ ठेवायचं, चाकाखाली घालायच्या फळ्या न्यायच्या. हे सगळं मिळून विंचच्या निम्म्या वजनाचंही होत नाही. रुतलेली गाडी ओढताना पट्टा कशाला बांधायचा, हे मात्र आधी बघून ठेवायला हवं. कारखान्यातून गाडीला असतात ते पुष्कळदा जहाजावर गाडी बांधायचे हूक, ओढायचे नव्हेत. ट्रेलर जोडायच्या मागच्या टोबॉलला पट्टा अडकवून ओढताना तो गोळा निखळून गोळीसारखा सुटल्याने या देशात माणसं मेली आहेत. बार निवडताना त्याच्या चौकटीला टनांत क्षमता लिहिलेले ओढण्याचे बिंदू जोडता येतात का, हे विचारावं. दुकानदार दिव्यांबद्दल बोलायला लागला तरी पुन्हा विचारावं.

*

कोल्हापूरहून धाकट्या दिरांचा मेसेज. मी किंमत कळवली होती: बसवण्यासकट तीन-चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलर.

“वहिनी, एवढ्यात शिरोलीत तुमच्या अख्ख्या गल्लीला गार्ड करून देतो. क्रोम मारून.”

शिरोलीच्या फाउंड्र्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या गार्डांबद्दल नाही. आपल्याकडे रस्त्याकडेच्या दुकानात बसतं ते पातळ नळीचं गार्ड बहुतेक वेळा बंपरच्या पट्टीलाच किंवा एखाद्या पत्र्याच्या ब्रॅकेटला अडकवलेलं असतं. चासीच्या दांड्यांपर्यंत ते पोचतच नाही. मोठा मार बसला की ते सगळंच्या सगळं मागे जातं आणि रेडिएटरमध्ये घुसतं. किंवा उलट, इतकं ताठ बसतं की गाडीचा पुढचा भाग जसा चेपायला हवा तसा चेपत नाही, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. इथल्या चांगल्या बारच्या आणि चासीच्या मधे मुद्दाम चेपणारे ब्रॅकेट असतात. किंमत त्यांचीही असते.

भारतात तर ते बेकायदा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून कळवलं, की असे क्रॅश गार्ड आणि बुलबार बसवणं हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, कारवाई करा. मी दिरांना लिहिलं, “भावजी, आधी तुमच्या स्कॉर्पिओचं उतरवा.”

“ते काढलं तर गावात गाडी ओळखणार कोण?”

या उत्तराला कलम नाही.

पुढे त्यांनी राधानगरीच्या गव्यांचा दाखला दिला. गवा रस्त्यात येतो हे खरं. पण पुरा वाढलेला नर आठशे-हजार किलोंचा. त्याच्यापुढे शिरोलीचं गार्ड आणि अॅडलेडचा बार सारखेच. तिथे उपाय एकच, गाडी हळू चालवा.

*

उंटाचंही तसंच. १९ व्या शतकात ओझी वाहायला आणलेले उंट इथल्या वाळवंटात रानटी होऊन पसरले. नलारबॉरच्या वाटेवर उंट, वॉम्बॅट आणि कांगारू अशी तिघांची चित्रं असलेली पिवळी पाटी आहे, पर्यटक तिच्यापाशी उभे राहून फोटो काढतात. बारच्या दृष्टीने या तिघांत फक्त कांगारू कामाचा. वॉम्बॅट बुटका आणि दगडासारखा घट्ट, तो बारच्या खालून जातो. उंटाचे पाय बारला लागतात आणि धड वरून काचेवर येतं.

*

२०१७ मध्ये व्होल्वोच्या इथल्या अभियंत्यांनी कबूल केलं, की त्यांची जनावरं ओळखणारी यंत्रणा कांगारूपुढे गोंधळते. स्वीडनमध्ये ती मूस आणि हरणं ओळखायला शिकलेली. जनावर किती लांब आहे, हे ती जमिनीच्या आधाराने ठरवायची. कांगारू हवेत असला की तिला तो लांब वाटायचा, टेकला की जवळ.

आमच्या प्राडोत रडार आहे ते पुढच्या लोगोच्या मागे. समोरची गाडी थांबली तर ब्रेक तेच लावतं. बारची वरची नळी त्याच्या आड आली की ते आंधळं होतं. म्हणून 'प्राडोला बसतो' एवढं ऐकून चालत नाही. आपल्या सालच्या प्राडोला, रडारसकट, पार्किंग सेन्सरसकट बसतो का, ते लेखी घ्यावं. जुन्या गाडीवरचा सुंदर बार निम्म्या किमतीत मिळत होता. नवरा दोन दिवस त्याचा फोटो बघत होता.

*

आता गैरसोयीचा भाग.

अॅडलेड विद्यापीठाच्या रस्ते-सुरक्षा केंद्राने लोकप्रिय फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचे बार घेऊन चाचण्या केल्या. कृत्रिम डोकं आणि कृत्रिम पाय त्यांवर आदळून, चालणाऱ्या माणसाला किती इजा होईल ते मोजलं. पोलादी बार सगळ्यात घातक निघाले. अॅल्युमिनियम त्याहून बरं, तरी गाडीच्या उघड्या तोंडापेक्षा वाईट. पॉलिमर सगळ्यात सौम्य, काही ठिकाणी तर बार नसलेल्या गाडीपेक्षाही.

युरोपने २००५ मध्येच निर्देश काढला, की पुढे लावायची अशी चौकट पादचाऱ्यांच्या चाचणीत उतरली पाहिजे. ताठ पोलादी बार तिथल्या नव्या गाड्यांवरून त्यामुळे जवळजवळ हद्दपार झाले. ऑस्ट्रेलियाचं २००२ चं प्रमाण आहे, एएस ४८७६.१. बार गाडीच्या आकाराला धरून असावा, पुढे झुकलेला नसावा, धारदार कड उघडी नसावी. बारवर मासेमारीच्या काठ्या उभ्या करायच्या नळ्या लावतात, त्या त्यात बसत नाहीत. किनाऱ्यावरच्या दर चौथ्या गाडीला त्या दिसतात, ती गोष्ट वेगळी.

ज्याचं आयुष्य किंबर्लीत गुरांमागे जातं, त्याने पोलाद घ्यावं. त्याच्या वाटेत माणूस येतच नाही, बैल येतो. आमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस शाळा, ऑफिस आणि भाजी आणणार. माझ्या पुढ्यात कांगारू येण्यापेक्षा सायकलवरचं पोर येण्याची शक्यता कितीतरी जास्त. नॉर्थ वेस्ट कोस्टल हायवेवरच्या एका संध्याकाळसाठी वर्षभर सत्तर किलो लोखंड त्या पोराच्या छातीच्या उंचीवर फिरवायचं का? शाळेच्या फाटकासमोर उभं राहून हा प्रश्न पडला नाही, तर कुठे पडणार?

नवऱ्याचं म्हणणं, पॉलिमरचा बार गाडीला शोभत नाही. खरं आहे. नाहीच शोभत.

*

गाडी-गाडीत बोलायच्या यूएचएफ रेडिओची अँटेना बारवर बसते, म्हणून तिचा विचार आताच. या रेडिओवर चॅनल ४० ट्रकवाल्यांचा. पुढून रुंद ओझं येतंय, रस्त्यात गुरं आहेत, हे तिथे आधी कळतं. सपाट मुलखात जास्त डेसिबलची लांब अँटेना, तिचा झोत चपटा आणि दूर जातो. डोंगराळ भागात आखूड, कारण चपटा झोत टेकडीला आपटतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात टेकडी शोधावी लागते, म्हणून लांब.

*

रोड ट्रेनचे, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या ट्रकचे, बार पाहिले की आपले बार खेळण्यातले वाटतात. ५३.५ मीटरपर्यंत लांबीची गाडी, ती कांगारूसाठी ब्रेक लावत नाही, लावूही शकत नाही. सकाळी रस्त्यावर जी मेलेली जनावरं दिसतात, त्यांतली पुष्कळ रात्रीच्या रोड ट्रेनच्या नावावर. त्यांवर गरुड बसतात. पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर, भरल्या पोटी उठायला वेळ लागतो. जनावर रस्त्याच्या मधे असेल आणि सुरक्षित थांबता येत असेल, तर ओढून कडेला ठेवावं, म्हणजे गरुड वाचतो आणि मागून येणाऱ्याची काचही.

मादी असेल तर पिशवी बघावी, असं इथली मुलं शाळेत शिकून येतात. आत पिल्लू जिवंत असलं आणि तोंडात आचळ धरलेलं असलं, तर ओढायचं नाही, त्याचा जबडा फाटतो. कापडात गुंडाळून ऊब द्यायची, गाईचं दूध पाजायचं नाही, वाइल्डकेअर हेल्पलाइनला फोन करायचा. हे मला मुलीने सांगितलं. गाडीत एक जुनी उशीची खोळ तिनेच ठेवली आहे.

*

कांगारूला पळवून लावणाऱ्या शिट्ट्या बारवर लावतात, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या. संशोधकांनी तपासलं, तर कांगारूंनी त्यांची दखलच घेतलेली नव्हती.

*

सगळ्यात स्वस्त बार म्हणजे घड्याळ. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतात. भाड्याच्या गाड्यांच्या करारात शहराबाहेर अंधारात चालवायला बऱ्याचदा मनाईच असते. उशीर झालाच तर ११० वरून ८० वर यावं: वेग पाऊणपट, धडकेची ऊर्जा जवळजवळ निम्मी. आणि जनावर आलंच तर सरळ रेषेत ब्रेक. स्टिअरिंग झटक्याने फिरवलं की उंच गाडी उलटते, आणि उलटलेल्या गाडीत रेडिएटर वाचला काय, न वाचला काय.

एवढं कळूनही बार घेतोय, कारण चार वाजता तंबू ठोकायचं ठरवलेली माणसं सहा वाजताही रस्त्यावर असतात. आमचं घर त्यातलंच.

*

ऑर्डर दिली. पॉलिमर, वळसा नसलेला, विंचविना. चासीला चेपणारे ब्रॅकेट, रडारसाठी वेगळी पट्टी, ओढण्याचे दोन बिंदू. स्प्रिंगा आत्ता नकोत. बसवल्यावर पुढचा आस वजनकाट्यावर घेऊन मग ठरवू. हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायला यायचं, असं पावतीवरच छापलेलं आहे.

अँटेना डावीकडे की उजवीकडे, एवढं नवऱ्यावर सोडलं. त्याने दोन्हीकडे ब्रॅकेट मागितले.